पार्श्वभूमी : गिल्बर्ट हिल हा खरंच ज्वालामुखीचा गळा आहे का?

अंधेरी पश्चिमेच्या या काळ्या सुळक्याची बातमी आली की दोन गोष्टी हमखास छापून येतात. वय ६.६ कोटी वर्षं, आणि ओळख ‘ज्वालामुखीचा गळा’.

वयाचं लवकर उरकतं. ६.६ कोटी हा सह्याद्रीतल्या मुख्य लाव्हाथरांच्या काळाचा आकडा आहे. इथल्या खडकाचं आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकात साठलेल्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून, काढलेलं वय २००१ मध्ये प्रसिद्ध झालं, ते सुमारे ६.०५ कोटी. म्हणजे घाटातले थर ओतून झाल्यावर किनाऱ्याकडे पेटलेली ही उशिराची आग. तेव्हा डायनोसॉर संपून पन्नासेक लाख वर्षं झाली होती, त्यामुळे ‘डायनोसॉरांनी पाहिलेला डोंगर’ हे वाक्य बाद.

‘गळा’ या शब्दाने मात्र जास्त घोळ घातला आहे. नळीत शिलारस थिजून दट्ट्या बसला, भोवतालचं झिजून गेलं आणि दट्ट्या तेवढा उरला, अशी ही कल्पना. पण खांब पाहा. शिलारस निवताना तडे थंड पृष्ठभागापासून, त्याच्याशी काटकोन करून आत शिरतात. उभ्या नळीत थंड भिंती बाजूंना असतात, तेव्हा खांब आडवे किंवा पंख्यासारखे पसरलेले अपेक्षित. इथे पायथ्याशी मान वर करून पाहिलं तर ते उसाच्या मोळीसारखे एकमेकांना चिकटून सरळ उभे आहेत, साठेक मीटर उंच. म्हणजे थंडावा वरून आणि खालून आला असावा. मग हे साचलेल्या लाव्ह्याचं तळं, किंवा थरांमध्ये घुसलेला जाड शिलापट्ट असू शकतं. गळेवाल्यांचंही एक उत्तर आहे : रुंद मुखात, वरच्या भागात, मधले खांब उभे राहू शकतात. मला शिलापट्टाची बाजू जड वाटते.

निकाल लागला असता तो कडांवरून. खडक शेजारच्या थरांना जिथे भिडतो तिथे खांब कसे वळतात, ते पाहायचं. पण टेकडीच्या बाजू दगडखाणींनी तासून नेल्या. ‘धूप होऊन उघडा पडलेला’ असं लिहिणाऱ्यांनी सुरुंगाचाही वाटा धरावा.

१९५२ मध्ये संरक्षण मिळाल्याचं सांगतात, कुठे ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणून तर कुठे ‘भूवैज्ञानिक स्मारक’ म्हणून. दोन्ही एकच नव्हेत. वारसा यादीत दुसरी श्रेणी मिळाली ती २००७ मध्ये. तोवर इमारती पायथ्याला टेकल्या होत्या. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे, आणि तिथे जायच्या पायऱ्याही याच खडकात कोरलेल्या.