सत्तरीतील काजूबागा आणि जमिनीचा जुना तिढा

म्हादई अभयारण्याची अधिसूचना १९९९ साली निघाली, पण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला जमिनीचा तिढा त्याच्या कितीतरी आधीचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर मिळवलेल्या प्रदेशात, गेला. मोकासे, म्हणजे इनामी गावे, राणे घराण्याकडे राहिले, बंडेही त्यांनीच केली. १८५२ साली दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला. बंडांवर पुष्कळ लिहिले गेले. उतारावर राबणाऱ्याच्या नावाचा कागद मात्र क्वचितच झाला.

तो करायचा कुमेरी, म्हणजे फिरती शेती. हिवाळ्यात झुडपे तोडून वाळत टाकायची, पावसाच्या तोंडावर पेटवायची आणि राखेत नाचणी पेरायची. जाळायला उशीर झाला आणि वळवाने गाठले की लाकूड अर्धेच जळते, राख कमी पडते. दोन-तीन वर्षांत राख धुपून जाते, तण माजते. मग तुकडा सोडून पुढे सरकायचे. रान पुन्हा भरायला बरीच वर्षे लागतात, तेवढी उसंत दिली नाही तर उतार उघडा पडतो. पुढे कुमेरीवर निर्बंध आले आणि अशा उतारांवर काजू लागला. तो तीन-चार वर्षांत धरतो, खडकाळ जमीनही त्याला चालते. फिरती शेती एका जागी बसली खरी, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) बहुतेकांचे नाव आलेच नाही.

हंगामाआधी बागेतले गवत-झुडूप कापून जाळतात, म्हणजे पडलेली बी दिसते. वारा फिरला की हीच आग वरच्या रानात शिरते. मार्च २०२३मध्ये म्हादईत ठिकठिकाणी वणवे लागले, तेव्हा संशय काजूबागांवरही गेला. त्याच जुलैत उच्च न्यायालयाने व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिला. वनहक्काचे दावे १२ महिन्यांत निकाली काढायलाही सांगितले.

दाव्यांची खरी अडचण पुराव्याची. २००६च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५पूर्वीचा ताबा पुरतो, इतरांना त्याआधीची ७५ वर्षे दाखवावी लागतात. म्हणजे थेट १९३०, पोर्तुगीज अमदानी! त्या काळचा कागद कुणाकडे असणार? नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, बांध, स्मशान, देवस्थान हेही पुरावे म्हणून चालतात. किमान दोन लागतात. बांबरच्या निरंकाराच्या रायीसारख्या देवराया गावोगावी आहेत. दावा लिहिताना त्यांचा उल्लेख राहून गेला, तर हाताशी असलेला पुरावा वाया जातो.