लूपच्या दुसऱ्या फेरीत कंपायलर का अडतो?

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा १.० झाली २०१५ साली, आणि शिकणाऱ्यांची तक्रार तेव्हापासून तीच आहे: ‘इतका साधा लूप, तरी कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) हट्टाला पेटतो.’ लूप साधा असतो हे खरं. पण एकदाच लिहिलेली ओळ त्यात अनेकदा चालते, आणि मेख तिथेच आहे.

आधी सोपी चूक. ‘नाव’मध्ये एक स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आहे आणि लूपच्या आत ‘छाप(नाव)’ लिहिलंय. रस्टमध्ये प्रत्येक व्हॅल्यूचा मालक एकच. पहिल्या फेरीत मालकी फंक्शनकडे गेली, फंक्शन संपताच स्ट्रिंगची मेमरी मोकळी झाली. दुसऱ्या फेरीत द्यायला उरलं काय? कंपायलर ई०३८२ क्रमांकाची एरर दाखवतो आणि व्हॅल्यू ‘लूपच्या आधीच्या फेरीत’ गेल्याचंही सांगतो. ‘छाप(&नाव)’ असं मालकी न सोडता उसनं द्या, फंक्शनमध्ये ‘&स्ट्र’ घ्या, की झालं. आय३२सारख्या आकड्यांची आपोआप नक्कल होते, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

पुष्कळ जण दाराला लिंबू-मिरची टांगावी तसं ‘.क्लोन()’, म्हणजे नक्कल करायची आज्ञा, टांगतात. एरर जाते, पण लाख फेऱ्यांत स्ट्रिंगच्या लाख प्रती होतात आणि प्रत्येकीसाठी मेमरी नव्याने मागावी लागते.

खरी गंमत ई०५०२ मध्ये आहे: यादी वाचली जात असतानाच ती बदलू पाहिली की ही एरर येते. ‘व्हेक’ म्हणजे वाढती यादी. तिच्याकडे तीनच गोष्टी असतात: घटक कुठे ठेवलेत तो पत्ता, किती आहेत आणि किती मावतील. ६४-बिट मशीनवर प्रत्येकी ८, एकूण २४ बाइट्स. घटक स्वतः दुसरीकडे, हीपवर, म्हणजे लागेल तशी मागून घ्यायच्या मेमरीत. रिकाम्या यादीत पहिला आय३२ ‘पुश’ केला, म्हणजे शेवटी जोडला, की सध्याची लायब्ररी चार घटकांची जागा घेते. पाचवा आला की आठांची लागते. लगतची मेमरी मोकळी नसेल तर सगळं बिऱ्हाड नव्या पत्त्यावर हलतं आणि जुनी जागा परत जाते.

आता ‘&यादी’वर लूप चालू आहे. पुढचा घटक कुठे आणि यादी कुठे संपते, हे दोन पत्ते त्याच्या हातात आहेत. आत कुणी पुश केलं आणि बिऱ्हाड हललं, तर दोन्ही पत्ते सोडलेल्या खोलीचे. सी++ असा कोड कंपाइल करते. दोन-चार नोंदींच्या चाचणीत तो चाललाय असंही वाटतं. खऱ्या डेटावर कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतंच वाचून पुढे जातो.

जागा उरली आहे की नाही, हे रस्टचा बॉरो चेकर, म्हणजे कंपायलरमधला उसनवारी तपासणारा भाग, बघतच नाही. तो पुशची सिग्नेचर, म्हणजे त्या फंक्शनला काय लागतं ते सांगणारी ओळ, बघतो: तिला यादी ‘&म्यूट’, म्हणजे बदलण्याच्या हक्कासह हवी. वाचणारे कितीही चालतील, पण बदलणारा असेल तर तो एकटाच. म्हणूनच ‘विथ_कपॅसिटी(१००)’ने आधी जागा अडवून ठेवली तरी एरर येते. भाषेच्या २०१८ च्या एडिशनपासून (आवृत्तीपासून) उसनवारी शेवटच्या वापराला संपते खरी, पण लूपला पुढच्या फेरीत पुढचा घटक मागायचाच असतो. पुशनंतर लगेच लूप तोडणारं ‘ब्रेक’ लिहा, पुढची फेरी उरत नाही आणि तोच कोड बिनतक्रार कंपाइल होतो!

नवे घटक दुसऱ्या यादीत जमवा आणि लूप संपल्यावर ‘एक्स्टेंड’ने मूळ यादीला जोडा. काढायचे असतील तर हवे तेवढेच ठेवणारं ‘रिटेन’. किंवा लांबी आधी मोजून क्रमांकाने फिरा. बिऱ्हाड हललं तरी तिसरा घटक तिसराच राहतो. मात्र स्ट्रिंग असेल तर ‘यादी[आय]’ म्हणून ती मालकीसह उचलून घेता येत नाही, ई०५०७ ही एरर येते; तिथेही ‘&’ लावूनच वाचायचं.

‘रस्टमध्ये लिहिलं म्हणजे प्रोग्राम बिनचूक’ असं सांगणाऱ्यांनी याच क्रमांकाच्या लूपमध्ये घटक काढणारं ‘रिमूव्ह’ वापरून बघावं. मागचे घटक एकेक घर पुढे सरकतात, त्यातला एक तपासायचा राहून जातो आणि शेवटी, नसलेल्या क्रमांकावर हात घातला की प्रोग्राम पॅनिक होतो, म्हणजे एरर देऊन मध्येच थांबतो. कंपायलर यावर अवाक्षर काढत नाही.