पार्श्वभूमी : बाळंतिणीची ब्रँडी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी फडताळात ब्रँडीची चपटी बाटली असायची. घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती, पण ही ‘औषधाची’. बाळंतिणीला गारठा बाधला की कोमट पाण्यातून चमचाभर. शेजारी दशमूलारिष्ट, त्यातही आंबवताना तयार होणारं ५ ते १० टक्के अल्कोहोल. तान्ह्याचं ग्राइप वॉटरही त्याच कुळातलं : १८५१ साली इंग्लंडात विल्यम वुडवर्ड यांनी काढलेल्या मूळ औषधात अल्कोहोल होतंच. (१९४९च्या दारूबंदी कायद्याखालचा पिण्याचा परवानाही आपल्याकडे आरोग्याच्या नावानेच मिळतो!) आज ठाण्यातली डॉक्टर गरोदर बाईला थेंबही नको म्हणते.

हे ‘नको’ जुनंच आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भाला घातक गोष्टींची यादी आहे. तीत ‘मद्यनित्या’, म्हणजे रोज पिणाऱ्या बाईचं मूल सतत तहानलेलं, कमी स्मरणशक्तीचं आणि चंचल चित्ताचं निपजतं, असं म्हटलंय. वाचून चमकायला होतं. पण त्याच यादीत भांडखोर बाईला अपस्माराचं मूल होतं, असंही आहे. निरीक्षण कुठे संपलं आणि दटावणी कुठे सुरू झाली ते कळत नाही. आईचे दोष एकेक करून सांगितलेत, बापाचे ‘यावरूनच समजावेत’ म्हणून एका ओळीत उरकलेत. आणखी गंमत म्हणजे गर्भ पडलेल्या बाईला सोसेल तेवढी सुरा, आसव पाजा, हा सल्लाही याच अध्यायातला.

इंग्लंडात १७२६ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पार्लमेंटकडे तक्रार केली की ‘जिन’ या दारूमुळे मुलं दुबळी जन्मतात. आकडे आले ते १८९९ मध्ये. लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर विल्यम सलिव्हन यांनी १२० दारुड्या बायकांच्या ६०० मुलांचा हिशेब मांडला : ३३५ मृत जन्मलेली किंवा दोन वर्षांच्या आत गेलेली. त्यांच्याच न पिणाऱ्या नातलग बायकांत हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास. गरोदरपणी तुरुंगात पडल्यामुळे जिची दारू सुटली, तिचं मूल धडधाकट निघाल्याचंही त्यांना दिसलं. मला यापेक्षा बोलका पुरावा सुचत नाही. तरी १९१०मध्ये कार्ल पिअर्सन आणि एथेल एल्डरटन या संख्याशास्त्रज्ञांनी पालकांच्या पिण्याचा मुलांवर ठळक परिणाम दिसत नाही असं मांडलं. पुढे अमेरिकेतली दारूबंदी फसली, आणि हा विषय म्हणजे कीर्तनकारांचा, असं डॉक्टरांना वाटू लागलं.

इतकं की १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्रिट्झ फुक्स यांनी मुदतीआधीच्या कळा थांबवायला बायकांना सलाइनमधून अल्कोहोल दिलं, आणि ती पद्धत पुढे काही वर्षं बऱ्याच ठिकाणी चालली. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, फ्रान्समधल्या नान्त शहरात डॉक्टर पॉल लमोआन यांनी दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. ती फारशी कुणी वाचली नाही. १९७३मध्ये सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आईच्या पिण्याने गर्भाला होणाऱ्या या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असं नाव दिलं, तेव्हा कुठे सगळे जागे झाले.

गेल्या वर्षी भाचीबरोबर ठाण्यातच तपासणीला गेले होते. फॉर्मवर तिच्यासाठी तंबाखू, मिश्री, दारू असे तीन रकाने होते. शेजारी बसलेल्या जावयाला विचारला तो फक्त रक्तगट.