शेळी तोंड लावत नाही ते झाड

मे महिन्यात आमच्या बीडकडच्या गावात टँकरच्या वाटेकडं डोळे लावून घागरींची रांग लागते, तेव्हाही मोरीच्या कडेला सदाफुली फुललेली असते. तिला कुणी मुद्दाम पाणी घातल्याचं मला आठवत नाही. भांडी घासलेलं राखेचं पाणी, झालं. एवढ्या शेळ्या दारात फिरतात, मग हे झाड वाचतं कसं, असं एकदा आजीला विचारलं. ती म्हणाली, "शेळी तोंड लावत न्हाई त्याला. म्हणून तर ऱ्हायलंय."

पान कडू असतं, एवढं तिला ठाऊक होतं. त्या कडूपणात शंभराहून जास्त अल्कलॉइड, म्हणजे झाडानं बनवलेली जालीम रसायनं आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सदाफुली इथली नाहीच मुळी. तिचं माहेर मादागास्कर बेट. कॅथरँथस या तिच्या प्रजातीत 8 जाती, त्यांतल्या 7 फक्त त्या बेटावरच्या. सगळी ठेंगणी, बुडाशी लाकडी होत जाणारी झुडपं. आपल्या अंगणातली जात तिथून जहाजांतून जगभर गेली. झाडाप्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1759 मध्ये तिला व्हिंका रोझिया म्हटलं. पुढं नाव बदललं, पण नर्सरीवाला आजही 'व्हिंका घ्या' असंच म्हणतो.

फूल हातात घेऊन नीट बघा. पाच पाकळ्या भिंगरीसारख्या एकाच बाजूला कललेल्या, आणि मधोमध टाचणी जेमतेम जाईल एवढंच छिद्र. त्याखाली लांब नळी आणि तळाशी मध. लांब सोंडेच्या फुलपाखराखेरीज तिथं फारसं कुणाचं काम नाही. पराग आणि स्त्रीकेसर दोन्ही त्या नळीतच लपलेले, त्यामुळं वरून फूल अगदी रिकामं दिसतं.

खरी गंमत मात्र पानात आहे.

मधुमेहावर सदाफुलीचा काढा घ्यायची चाल जमैकातही होती. 1952 च्या सुमारास तिथून काही पानं कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडं पोहोचली. त्यांनी अर्क उंदरांना पाजला. रक्तातली साखर जागची हलली नाही. मग तोच अर्क टोचला, तर उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गानं मेले. कारण शोधलं तेव्हा कळलं, की त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या होत्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात! नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी अर्कातलं या पेशी घटवणारं द्रव्य, विनब्लास्टिन, वेगळं काढून 1958 मध्ये जाहीर केलं. औषध कंपनी एली लिलीतले संशोधकही तेव्हा याच झाडामागं होते. तिथून विनक्रिस्टिन आलं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर इतर औषधांच्या जोडीनं ते आजही देतात.

पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेणाऱ्या बारीक दोऱ्या तयार होतात. ही औषधं त्या दोऱ्या विणूच देत नाहीत, त्यामुळं पेशी अर्ध्यातच अडकते आणि मरते. पण अशाच दोऱ्या आपल्या मज्जातंतूंतही असतात. म्हणून विनक्रिस्टिन घेणाऱ्याच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो.

मग वाटेल, झाडं लावा आणि औषध काढा. तसं होत नाही. एक ग्रॅम विनब्लास्टिनला सुमारे 500 किलो वाळलेली पानं लागतात, आणि एक ग्रॅम विनक्रिस्टिनला सुमारे 2000 किलो. एवढी कंजुषी का, याचा एक धागा 2010 मध्ये कॅनडातल्या संशोधकांना सापडला. विनब्लास्टिन दोन तुकडे जोडून बनतं, कॅथरँथिन आणि विंडोलिन. त्यातलं कॅथरँथिन पानाच्या वरच्या मेणचट थरात असतं आणि विंडोलिन आतल्या पेशींत. वाड्यात एक भाऊ ओसरीवर आणि दुसरा माजघरात, असा प्रकार. ओसरीवरचा किडे आणि बुरशी यांना अडवतो. दोघांची गाठ क्वचितच पडते, म्हणून जोडलेलं औषध पानात नावालाच. 2022 मध्ये शास्त्रज्ञांनी झाडाची जनुकं यीस्टमध्ये घालून दोन्ही तुकडे तयार करून घेतले आणि प्रयोगशाळेत जोडले.

हे सगळं माहीत असल्यानं आमच्या शेजारच्या काकांशी माझं दरवेळी वाजतं. त्यांना शुगर आहे आणि रोज सकाळी अनोशापोटी ते सदाफुलीची पानं चावतात. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला नुस्खा. कुठल्या पानात काय किती आहे, हे चावणाऱ्याला कळत नाही. दवाखान्यात याच झाडाचं औषध मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. काका ऐकून घेतात, हसतात. पानं बंद झाली की नाही, हे मोरीकडच्या झाडाकडं बघूनच कळेल.

आठांपैकी सात जाती मादागास्करच्या, मग आठवी? ती भारत आणि श्रीलंकेतली, कॅथरँथस पुसिलस. वीतभर उंच, पांढऱ्या बारीक फुलांची, वर्षभरात संपणारी. पावसाळ्यात शेतात उगवते. खुरपायला आलेल्या बाया ती बाकीच्या तणाबरोबर उपटून धुऱ्यावर टाकतात.