घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे

गावठाणात दोन घरांच्या मधोमध पडून राहिलेल्या वडिलोपार्जित जागेवर लहानसे घर बांधायचे असेल तर कोणाला विचारावे लागत नाही, आणि पुढे घरपट्टी सुरू झाली की बांधकाम आपोआप कायदेशीर होते, असा समज महाराष्ट्रातील खेड्यांत वर्षानुवर्षे सांगितला जातो. तो चुकीचा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असल्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि परवानगीही मिळत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५२ बांधकामापूर्वी पंचायतीची परवानगी घेण्यास सांगते.

या गैरसमजाला अलीकडे खतपाणी मिळाले ते सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांना बांधकाम परवानगीतून दिलेल्या सवलतीमुळे. ‘परवानगी नको’ एवढेच लोकांनी लक्षात ठेवले. मात्र मालकीची कागदपत्रे, मोजणी नकाशा, इमारतीचा आराखडा, तो नियमानुसार असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि विकास शुल्काची पावती पंचायतीकडे द्यावी लागते, हा भाग सोयीस्करपणे गळाला.

दोन घरांमधल्या जागेत खरी अडचण मोजणीचीच असते, कारण शेजाऱ्याच्या पागोळ्या आपल्या जागेत पडत असतात आणि सामाईक भिंत नेमकी कोणाची, हे पाया खणेपर्यंत कोणी विचारलेले नसते.