खांदेरीचं दीपगृह (कान्होजी आंग्रे बेट)

खांदेरीचं दीपगृह म्हणजे अलिबागजवळच्या थळ गावासमोर, किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटर आत भर समुद्रात असलेल्या खांदेरी बेटावरचं लाइटहाऊस. जून 1867 पासून ते चालू आहे. 1998 मधे बेटाचं नाव कान्होजी आंग्रे बेट असं झालं, पण थळच्या कोळीवाड्यात आणि किल्ले फिरणाऱ्यांत अजून खांदेरीच चालतं. जुन्या इंग्रजी कागदांत हेच केनरी म्हणून येतं, आणि शेजारच्या उंदेरीचं हेनरी केलेलं आहे.

बेलापूर, नेरूळ, वाशीकडून हा दिवा दिसत नाही कारण मधे उरणचा भाग आडवा येतो. पण न्हावाशेवा बंदराला येणाऱ्या ज्या जहाजांतले कंटेनर आपण नवी मुंबईतले पामबीचवाले लोक रोज ट्रेलरवर लादलेले रस्त्यावर बघतो ती सगळी मुंबई बंदराच्या ज्या तोंडातून आत शिरतात, त्याच तोंडाच्या दक्षिणेला खांदेरी बसलंय. बेटाचा सगळा इतिहास या एका जागेमुळे घडला. इथे जो बसेल त्याला मुंबईत येणारं-जाणारं प्रत्येक जहाज दिसणार.

शिवाजी महाराजांनी हे नेमकं ओळखलं होतं. 1672 मधे एक प्रयत्न अर्धवट राहिला, मग ऑगस्ट 1679 मधे, म्हणजे ऐन पावसाळ्यात दर्या खवळलेला असताना, महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू केलं. मुंबईचे इंग्रज हादरले, त्यांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण मोठ्या जहाजांना खोल पाणी लागतं आणि वारा लागतो, मराठ्यांच्या छोट्या होड्या मात्र रात्री नागावच्या खाडीतून निघून वल्ही मारत इंग्रजांच्या बाजूनेच दगड, दाणागोटा, दारूगोळा घेऊन बेटावर पोचायच्या आणि सकाळी तट थोडा वर चढलेला असायचा. 18 ऑक्टोबर 1679 ला मोठी लढाई झाली, त्यात इंग्रजांची डव्ह नावाची गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, मराठ्यांच्या हाती लागली. जानेवारी 1680 मधे इंग्रजांनी तह करून माघार घेतली, आणि त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचं उंदेरी धरलं, म्हणून हे दोन किल्ले पुढे कित्येक वर्षं एकमेकांवर तोफा रोखून होते. मला विचाराल तर महाराजांच्या आरमाराची ताकद कळायला खांदेरीइतका चांगला धडा दुसरा नाही, आणि शाळेच्या पुस्तकात याला फार कमी जागा मिळते.

1818 मधे बेट इंग्रजांकडे गेलं. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला प्रचंड मागणी आली, जहाजांची ये-जा वाढली, आणि रात्री दक्षिणेकडून येणाऱ्यांना खडक कुठे आणि बंदराचं तोंड कुठे हे कळणं गरजेचं झालं. मग किल्ल्याच्या आतच, उंचवट्यावर हा अष्टकोनी दगडी मनोरा उभा राहिला. कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकावरचं प्राँग्ज दीपगृह त्याच्यानंतरचं, 1875 चं.

प्रत्येक लाइटहाऊसची उघडझाप वेगळी ठरवलेली असते, किती सेकंदांत किती झोत हे मोजून खलाशी नकाशाशी ताडून बघतो आणि आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचीही महत्त्वाची, पाण्यापासून 50 मीटर उंचीवर असलेला दिवा किनाऱ्यावर उभ्या माणसाला साधारण 30 किलोमीटरवरून दिसू शकतो, अर्थात हवा स्वच्छ हवी.

बघायचं कसं? नुसतं लांबून बघायचं तर किहीम किंवा थळचा किनारा उत्तम. थळहून बघताना जवळचं छोटं ते उंदेरी, आणि मागे ज्याच्यावर पांढरा मनोरा दिसतो ते खांदेरी, यात खूप जण गोंधळतात. ठाणे-नवी मुंबईकरांनी पनवेलहून एसटीने पेण, वडखळमार्गे अलिबाग आणि तिथून रिक्षाने थळ गाठावं, किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा करून खाली यावं. बेटावर जायला थळच्या कोळ्यांची बोट ठरवावी लागते, दहा-बारा जणांचा ग्रुप असला तर परवडतं. पावसाळ्यात बोटी नसतात, तेव्हा हट्ट करू नये.

जायचं ते भरतीचा हिशोब करून. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. ओहोटीला थळला बोटी चिखलात टेकतात, म्हणून किती वाजता परत निघायचं हे तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाला, आधीच विचारून ठेवा आणि तो सांगेल तेच ऐका.

बेटावर दीपगृहाबरोबर बाकीचंही बघा. वेताळाचं देऊळ आहे, कोळी लोकांचं मोठं श्रद्धास्थान, तिथे चपला काढून जावं. एक मोठा खडक आहे, त्याच्यावर दगडाने हलकेच वाजवलं की भांड्यावर वाजवल्यासारखा खणखणीत आवाज येतो, पोरं तिथून हलत नाहीत. चाकं असलेल्या लोखंडी गाड्यावरची तोफ आपल्याकडच्या किल्ल्यांवर क्वचितच सापडते, ती इथे आहे, चाकाला हात लावून बघावा, खाऱ्या वाऱ्याने लोखंडाचे कसे पापुद्रे निघालेत ते बोटाला कळतं. तटाच्या बाहेर पाण्यात जे दगड टाकलेत त्यांच्यावर कालवं चिकटलेली असतात, कडा ब्लेडसारख्या, शत्रूचे पाय कापायला हीच पुरेशी होती, तेव्हा तिथे अनवाणी उतरू नका. दीपगृह चालू सरकारी ठिकाण आहे, त्यामुळे मनोऱ्यावर चढायचं असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांची परवानगी घेऊनच.

जुलै 2025 मधे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे 12 किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. नौदलाची एक पाणबुडीही या नावाची आहे, आयएनएस खांदेरी, 28 सप्टेंबर 2019 ला मुंबईत दाखल झालेली.

मुक्काम असेल तर संध्याकाळी किहीमला वाळूवर थांबा, अंधार पडला की आधी उजवीकडे मच्छीमार बोटींचे दिवे लागतात, मग बेटावरचा झोत फिरायला लागतो, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून दोन झोतांमधलं अंतर मोजा.