बडोद्याचं जड पाणी

मार्च 2016 मध्ये काक्रापार अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये इंधनाच्या प्रेशर ट्यूबमधून जड पाणी गळलं, त्या संध्याकाळी पुण्याहून आत्याचा फोन आला. "तुमच्याकडची भट्टी बिघडली म्हणे. मुलांना घेऊन इकडे ये." काक्रापार तापी जिल्ह्यात, बडोद्यापासून सरळ रेषेतही शंभर किलोमीटरच्या पलीकडे. आत्याच्या मनात होता तो आमच्या बडोद्यात छाणीच्या बाजूला, खत कारखान्याला लागून उभा असलेला जड पाण्याचा प्रकल्प. तिथे अणुभट्टी नाही, कधीच नव्हती.

गोंधळाचं मूळ शब्दातच आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात बोअरच्या पाण्याला 'जड' म्हणतात, म्हणजे ज्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ते. त्याचा जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा. प्रकल्पातल्या पाण्यात क्षार नसतात. त्यातल्या साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, असतो, म्हणून ते साध्या पाण्याहून सुमारे 10 टक्के जड भरतं आणि 3.8 अंशांवर गोठतं. निसर्गात साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे जेमतेम एक ड्युटेरियमचा. काक्रापारसारख्या अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला हे पाणी लागतं. आणि ताजं जड पाणी किरणोत्सारी नसतं. अणुभट्टीत न्यूट्रॉन झेलून झाल्यावर त्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो, तेव्हा ते होतं. बडोद्याहून निघायचं ते ताजं. हे शाळेत एकदा नीट शिकवलं असतं तर त्या संध्याकाळचा फोन आलाच नसता.

देशात पहिलं जड पाणी 1962 पासून नांगलला निघालं, तेही विजेने पाणी फोडून, म्हणजे महागात. मग प्रश्न आला की पुढचे कारखाने कोणत्या पद्धतीचे? एक वाट हायड्रोजन सल्फाइडची. अमेरिका आणि कॅनडाने हीच घेतली होती. वायू जहरी, पोलादाला खाणारा, पण कारखाना स्वतःच्या पायावर उभा राहतो. राजस्थानात कोट्याजवळ पुढे तीच वाट धरली. दुसरी वाट खत कारखान्याची. अमोनियासाठी तिथे हायड्रोजन वायू आधीच तयार असतो, त्यातलं ड्युटेरियम तेवढं काढून घ्यायचं आणि वायू परत करायचा. बडोद्याला ही निवडली. तंत्रज्ञान युरोपातून आलं.

कागदावर ही निवड देखणी होती. प्रत्यक्षात ती दाबावर उभी होती. टॉवरमध्ये वरून थंड द्रवरूप अमोनिया, त्यात पोटॅशियम अमाइड हा उत्प्रेरक, खालून वायू, आणि दाब 600 वातावरणांच्या वर. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये साधारण एका वातावरणाची वाढ असते, त्यावरून अंदाज करावा. इतक्या दाबाला भिंत जाड लागते. त्यात साधं पोलाद थंडीत ठिसूळ होतं, तर तापलेल्या भागात हायड्रोजनच पोलादात शिरून त्यातला कार्बन पळवतो. या दुसऱ्या दुखण्याने शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत अमोनियाच्या पहिल्या नळ्या फुटल्या होत्या. तोडगा असा निघाला की आत मऊ लोखंडाचं अस्तर आणि बाहेरच्या पोलादी भिंतीला बारीक भोकं, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन निघून जातो. क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद नंतर आलं.

1974 च्या पोखरण अणुचाचणीनंतर कॅनडाने अणुभट्ट्यांच्या मदतीतून हात काढून घेतला आणि जड पाण्याची निकड गळ्याशी आली. बडोद्याचा प्रकल्प 1977 मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी तिथे स्फोट झाला, आणि तो पुन्हा मार्गी लागायला 1980 उजाडलं. मधल्या काळात राजस्थान अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या युनिटसाठी जड पाणी रशियाकडून अटींसह आणावं लागलं. ते युनिट 1981 मध्ये चालू झालं. स्फोटाचं बोलतात सगळे. मला त्याहून मोठी चूक दिसते ती परावलंबनाची. खत कारखाना थांबला की प्रकल्प थांबणार, आणि खत कारखान्याचं गणित युरियाच्या भावाचं, अणुवीज त्याच्या खिजगणतीत नाही. दोन घरांचा एकच नळ, आणि चावी शेजाऱ्याच्या हातात.

हे सोडवलं मात्र इथल्याच माणसांनी, आणि याची बातमी स्फोटाइतकी कधी झाली नाही. पाण्यातलं ड्युटेरियम आधी अमोनियात घ्यायचं आणि मग पुढची साखळी चालवायची, असा नवा टप्पा नव्वदच्या दशकाअखेरीस बडोद्यात जोडला गेला. त्यामुळे कच्चा माल पाणी झाला, खत कारखान्याचा वायू नव्हे. पुढे याच आवारात ट्राय ब्युटाइल फॉस्फेट हे द्रावकही तयार होऊ लागलं. वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढायला ते लागतं. आत्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिने शेवटी विचारलं, "मग बाळ, डाळ शिजेल का रे त्यात?" मी म्हटलं, क्षार नाहीत, शिजायला हरकत नाही, पण त्याच्या एका लिटरला हजारो रुपये पडतात.